एका धातूचे घराणे : ठाणे, स्थानक आणि स्टेशन

'ठाणे स्थानक' हे दोन शब्द आपल्या भागात इतके रुळले आहेत की त्यांच्याकडे शब्द म्हणून कोणी पाहत नाही. एक गावाचे नाव आणि दुसरे गाडी थांबण्याच्या जागेचे, एवढाच अर्थ आपण घेतो. परंतु शब्दांच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर येथे एकच शब्द दोनदा आला आहे. 'ठाणे' हे 'स्थानक' या शब्दाचेच झिजून झालेले रूप आहे. बोलताना आपण 'ठाणे स्टेशन' म्हटले तरी या घराण्याबाहेर पडत नाही, कारण 'स्टेशन' हा शब्दही दूरच्या नात्याने त्याच धातूचा आहे.

हे नाते कशावरून ठरते आणि एका धातूपासून शब्दांचे कुटुंब कसे उभे राहते, ते या लेखात पाहू. सोबतीला आपण डच भाषा घेणार आहोत. जोडशब्द बनवण्यात ती मराठीइतकीच तयारीची आहे आणि विज्ञानाची परिभाषा स्वतःच्या शब्दांतून घडवण्याचा प्रयोग तिने चारशे वर्षांपूर्वी करून पाहिला आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील अनेक मराठी शाळांत आता विज्ञान आणि गणित इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून शिकवले जातात. एकाच कल्पनेची दोन नावे मुलांसमोर येतात आणि बहुतेक मुले दोन्ही पाठ करतात. ती पाठ करण्याऐवजी समजून घेता येतील का, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

ठाण्याचा ताम्रपट

इ.स. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अरिकेसरी राजाचे ते दानपत्र होते. त्यावरील काळ शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७. या दानपत्रात ठाण्याचे नाव 'श्रीस्थानक' असे येते. 'स्थानक' म्हणजे जागा, मुक्काम, ठिकाण. राज्यकर्त्यांचे ठिकाण म्हणून आदराने मागे 'श्री' लागला.

हे दानपत्र कलकत्त्याला पोचले. तेथे विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन केली होती. रामलोचन पंडितांच्या मदतीने झालेले दानपत्राचे भाषांतर सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात १७८८ मध्ये छापले गेले.

याच खंडात जोन्स यांचे २ फेब्रुवारी १७८६ चे प्रसिद्ध भाषणही आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांच्या धातूंमध्ये व व्याकरणाच्या रूपांमध्ये इतके साम्य आहे की ते योगायोगाने आलेले असू शकत नाही. या तिन्ही भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेली नसेल, असे त्यांनी त्यात मांडले. हे साम्य त्यापूर्वीही काहींच्या ध्यानात आले होते. मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले होते. हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापक बॉक्सहॉर्न यांनी १६४७ मध्ये डच, ग्रीक, लॅटिन, फारसी इत्यादी भाषांचे मूळ एक असावे असे सुचवले होते. जोन्स यांच्या भाषणानंतर मात्र हा विषय पद्धतशीर अभ्यासाचा झाला.

म्हणजे ठाण्याचे जुने नाव सांगणारे दानपत्र आणि त्या नावातल्या धातूचे युरोपातील नातेवाईक शोधण्याची वाट दाखवणारे भाषण, ही दोन्ही एकाच खंडात छापलेली आहेत. आता तो धातू पाहू.

'स्था'चे 'ठा' कसे झाले

संस्कृतातील धातू 'स्था', अर्थ 'उभे राहणे, थांबणे'. त्यापासून 'स्थान' आणि पुढे 'क' लागून 'स्थानक'. प्राकृतात सुरुवातीच्या 'स्थ'चा 'ठ' झाला आणि दोन स्वरांमधल्या 'न'चा 'ण' झाला, म्हणून 'स्थान'चे 'ठाण'. शेवटचा 'क' दोन स्वरांत सापडून लोपला. असा 'क' लोपल्यावर मराठीत पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी 'आ' येतो, जसे 'घोटक'चे 'घोडा'. नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटी पूर्वी 'एं' येई व आता 'ए' येतो. त्यामुळे 'स्थानकम्'चे 'ठाणें' आणि आजचे 'ठाणे'. हाच शब्द हिंदीत 'थाना' झाला.

ही झीज एकट्या ठाण्याच्या वाट्याला आलेली नाही. 'उत्' म्हणजे वर. वर उभे राहणे ते 'उत्थान', त्याच जोडणीतून आपले 'उठणे'. 'स्थापणे' झिजून 'ठेवणे' झाले. गाई उभ्या राहण्याची जागा ती 'गोष्ठ', आणि तिचा झाला 'गोठा'. 'प्रति' आणि 'स्थान' मिळून 'प्रतिष्ठान', आणि त्याचे 'पैठण'. सातवाहनांची राजधानी आणि शिलाहारांचे ठिकाण अशी दोन्ही नावे एका धातूवर उभी आहेत. 'प्रतिष्ठान', 'निष्ठा', 'अनुष्ठान', 'युधिष्ठिर' या शब्दांत 'स्थ'च्या जागी 'ष्ठ' दिसतो, कारण संस्कृतात 'इ', 'उ' यांसारख्या स्वरांनंतर 'स'चा अनेकदा 'ष' होतो. युद्धात जो स्थिर राहतो तो युधिष्ठिर.

लॅटिनमध्ये याच धातूचे रूप 'स्ता' असे आहे. त्यापासून 'स्तातिओ' म्हणजे उभे राहणे, थांबण्याची जागा. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेल्यावर ते 'स्टेशन' झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. लोहमार्गाबरोबर 'स्टेशन' हा शब्दही आला. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले दोन भाऊ असे ठाण्याच्या फलाटावर भेटले.

डच भाषेत हाच धातू 'स्टान' (उभे राहणे) या रूपात आहे. 'ओप' म्हणजे वर. 'ओपस्टान' म्हणजे उठणे. आपल्या 'उत् + स्था'ची ही तंतोतंत जोडणी आहे. डच 'स्टाट' म्हणजे शहर, पण या शब्दाचा जुना अर्थ नुसता 'जागा' असा होता. जागेचा वाचक शब्द शहराचा वाचक कसा होतो, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको.

साम्य नव्हे, नियम

येथे विद्यार्थी एक रास्त शंका काढतील. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणजे ते नात्यातले असे ठरते का? नाही. नुसते साम्य हा पुरावा नव्हे. नियमाने होणारा बदल हा पुरावा. संस्कृतातील 'त'च्या जागी डचमध्ये 'ड' येतो, असे अनेक शब्दांत दिसते : 'त्रि' आणि 'द्री' (तीन), 'तनु' आणि 'डुन' (पातळ), 'तृष्णा' आणि 'डोर्स्ट' (तहान). हा नियम डेन्मार्कचे रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडला. मग 'स्टान'मध्ये 'ड' का नाही? कारण 'स'ला लागून आलेला असा वर्ण बदलत नाही, हे त्याच नियमाचे पोटकलम आहे. अपवाद वाटणारी गोष्टही नियमाने स्पष्ट होते तेव्हा सिद्धान्ताचे बळ वाढते. विज्ञानाची ही रीत भाषेच्या अभ्यासालाही लागू पडते.

जोडकामाचे दोन प्रकार

धातूपासून शब्द वाढवण्याचे दोन मार्ग शाळेच्या व्याकरणात आपण शिकवतोच. पहिला उपसर्गाचा. 'स्था'च्या आधी 'अव' लावला की 'अवस्था', 'सम्' लावला की 'संस्था', 'प्र' लावून 'प्रस्थान', 'वि' आणि 'अव' लावून 'व्यवस्था'. दुसरा मार्ग समासाचा, म्हणजे दोन स्वतंत्र शब्द जोडण्याचा : 'पचन' आणि 'संस्था' मिळून 'पचनसंस्था', 'बस' आणि 'स्थानक' मिळून 'बसस्थानक'.

मराठीतील तत्पुरुष समासात मुख्य पद शेवटी असते आणि त्याच्या आधीचे पद त्याचा प्रकार सांगते. टपालपेटी ही पेटीच असते, टपाल नव्हे. डचमध्येही हेच. ही रचना गावांच्या नावांत फार स्पष्ट दिसते. डोंबिवली, आंबिवली, कांदिवली, बोरिवली या नावांत पहिले पद बदलते आणि शेवटचे 'वली' कायम राहते. हे 'वली' म्हणजे संस्कृत 'पल्ली', लहान गाव किंवा वस्ती. दोन स्वरांमधला 'प' मराठीत 'व' होतो : 'दीप'चा 'दिवा', 'कपाट'चे 'कवाड'. पहिले पद वस्तीची ओळख सांगते, दुसरे ती वस्ती आहे एवढे सांगते. आता हॉलंडचा नकाशा उघडावा. आम्स्टेल नदीवर बांध घातला तेथे आम्स्टरडॅम, रोटे नदीवर बांध घातला तेथे रॉटरडॅम. आपल्याकडे वस्ती, त्यांच्याकडे बांध; रचना एकच.

दोन शब्द जोडताना सांध्यावर काय होते, हा दोन्हीकडच्या शिक्षकांच्या डोकेदुखीचा विषय आहे. 'स्थिती' हा शब्द सुटा लिहिताना शेवटी दीर्घ, पण 'स्थितिज' आणि 'स्थितिस्थापक' लिहिताना 'ति' ऱ्हस्व. तत्सम शब्द सुटा आला की मराठीच्या नियमाने दीर्घान्त लिहायचा आणि समासात पहिला आला की संस्कृतातील मूळ रूप ठेवायचे, हे त्यामागचे कारण. नियम मुलांना जाचक वाटतो, पण तो सांधा दाखवतो. डचमध्येही जोडशब्दाच्या मधल्या 'न'वरून असाच वाद आहे. १९९५ च्या लेखनसुधारणेत तव्यावरच्या धिरड्यासारख्या पदार्थाचे नाव 'पानेकूक'ऐवजी 'पानेनकूक' असे लिहायचे ठरले; बहुतेक लोकांच्या उच्चारात तो 'न' नसतानाही.

स्टेव्हिन यांचा प्रयोग

सोळाव्या शतकात युरोपात विद्येची भाषा लॅटिन होती. सिमॉन स्टेव्हिन (१५४८–१६२०) हे गणिती व अभियंते. त्यांनी १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवर आणि १५८६ मध्ये वजन-तोल यांच्या शास्त्रावर डच भाषेत पुस्तके लिहिली. डचमधील मूळ शब्द लहान, बहुधा एकाक्षरी आहेत, म्हणून ते जोडून नेमके अर्थ सांगणारे शब्द बनवता येतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी अशा शब्दांच्या याद्याच दिल्या. गणिताला त्यांनी 'विसकोन्स्ट' म्हटले. 'विस' म्हणजे निश्चित आणि 'कोन्स्ट' म्हणजे कला. आज त्याचे 'विसकुंडे' झाले आहे.

'कुंडे' म्हणजे ज्ञान, आपल्या 'शास्त्र' शब्दासारखे. 'नातूरकुंडे' भौतिकशास्त्र, 'स्टेरेनकुंडे' म्हणजे ताऱ्यांचे शास्त्र, 'स्खेइकुंडे' म्हणजे पदार्थ वेगळे करण्याचे शास्त्र, अर्थात रसायनशास्त्र. इंग्रजीत गणिताला आणि रसायनशास्त्राला ग्रीक-अरबी वाटेने आलेली नावे आहेत. डच मुलाला ती नावे घरच्या शब्दांतून मिळतात. १६०० मध्ये लायडन येथे अभियंत्यांसाठी एक शिक्षणक्रम सुरू झाला. त्याची आखणी स्टेव्हिन यांनी केली आणि तेथे लॅटिनऐवजी डचमधून शिकवले जाई. लॅटिन न येणाऱ्या मोजणीदारांना आणि बांधकाम करणाऱ्यांना गणित खुले व्हावे, हा त्यामागचा हेतू. परिभाषेचा प्रश्न हा मुळात दरवाजा कोणासाठी उघडायचा याचा प्रश्न असतो.

मराठीतही असे प्रयत्न जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी 'राजव्यवहारकोश' रचला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये 'पदनाम कोश' निघाला. अशा कोशांतील काही शब्द लोकांनी उचलले, काही कागदावरच राहिले. लोकव्यवहार मात्र कोणत्याही शुद्धतेची वाट पाहत नाही. 'ठाणेदार'मध्ये मराठी शब्दाला फारसी 'दार' लागला, 'पोलीस ठाणे' आणि 'बसस्थानक' यांत पहिले पद इंग्रजीतून आले. हे सारे शब्द उत्तम चालतात.

दोन भाषांच्या वर्गात

आता वर्गातील शब्दांकडे वळू. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत 'स्था'चे कुटुंब फार मोठे आहे : स्थायू, अवस्था, अवस्थांतर, स्थिरांक, स्थितिज ऊर्जा, विस्थापन, पचनसंस्था, परिसंस्था, समस्थानिक. गणितात 'स्थानिक किंमत' आहे. 'स्थितिस्थापक' या शब्दात तर तोच धातू दोनदा आला आहे. ताणलेली वस्तू मूळ स्थितीत पुन्हा जी स्थापते ती स्थितिस्थापक. अर्धी व्याख्या शब्दातच सांगितली आहे.

याच कल्पनांची इंग्रजी नावे शेजारी मांडली तर एक मौज दिसते. द्रव्याच्या अवस्थेला इंग्रजीत 'स्टेट' म्हणतात, आणि तो शब्द लॅटिन 'स्ता'चाच. 'स्थितिक' म्हणजे 'स्टॅटिक'. 'स्थिरांक' म्हणजे 'कॉन्स्टंट', त्यातही 'स्ता'. पचनसंस्थेतील 'संस्था' म्हणजे 'सिस्टिम'. हा ग्रीक शब्द 'सिन' म्हणजे एकत्र आणि उभे करणे या अर्थाचा 'स्ता' धातू यांचा बनलेला आहे. 'सम् + स्था' आणि 'सिन + स्ता' : घडण तीच, धातू तोच. मुलांना जी दोन अनोळखी नावे वाटत होती, ती एकाच विचाराची दोन रूपे निघाली.

धातू निराळा असला तरी घडण सारखी असू शकते. फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये 'आयसोटोप' हा शब्द वापरात आणला. तो त्यांना मार्गारेट टॉड यांनी सुचवला होता. ग्रीक 'इसोस' म्हणजे समान, 'टोपोस' म्हणजे स्थान. अणुवस्तुमानांक वेगळा असूनही आवर्तसारणीत जी एकाच स्थानावर बसतात ती समस्थानिके. जो विद्यार्थी 'समस्थानिक' शब्द फोडू शकतो त्याला हे 'स्थान' कशातले, असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर आवर्तसारणीकडे नेते. नुसते 'आयसोटोप' पाठ करणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही.

मर्यादाही सांगाव्यात

धातू ही किल्ली आहे, पण ती प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'अस्थिर' शब्दात 'स्था' आहे, 'अस्थी'मध्ये नाही. हाडाचा वाचक असलेला हा शब्द स्वतंत्र आहे आणि त्याचे नाते ग्रीक 'ओस्टिऑन'शी आहे. प्रत्येक 'ठ' मागे 'स्था' शोधायला गेलो तर 'आठ' आणि 'ओठ' आपल्याला फसवतील. ते 'अष्ट' आणि 'ओष्ठ' यांपासून आले आहेत. 'तटस्थ', 'गृहस्थ', 'मध्यस्थ', 'स्वस्थ' यांत 'स्था' आहे, म्हणून 'स्थ'. 'ग्रस्त', 'त्रस्त', 'विश्वस्त' यांचे धातू वेगळे आहेत, म्हणून 'स्त'. वह्यांमध्ये वारंवार दिसणारे 'विश्वस्थ' हे रूप लाल शाईने खोडण्यापेक्षा धातू विचारून सुधारलेले बरे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. 'स्थायू'तील कण जागच्या जागी स्तब्ध नसतात, ते कंप पावत असतात. 'विस्थापन' म्हणजे नुसते जागा बदलणे नव्हे. त्याला दिशा असते आणि ते कापलेल्या अंतराहून वेगळे असू शकते. शब्द आपल्याला कल्पनेच्या दारापर्यंत आणतो. आत काय आहे ते प्रयोग, मोजमाप आणि विचार यांनीच कळते. शब्दातच सगळे विज्ञान आहे असा समज करून घेणे हे पाठांतराइतकेच घातक आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

एका तासिकेत पुढील काम सहज होते. फळ्यावर मध्यभागी 'स्था' लिहावा. विद्यार्थ्यांनी विज्ञान, गणित, भूगोल, नागरिकशास्त्र यांच्या पुस्तकांतून त्या धातूचे शब्द शोधावेत आणि उपसर्गाने झालेले, समासाने झालेले व झिजून झालेले असे तीन गट करावेत. प्रत्येक शब्दापुढे इंग्रजी नाव लिहावे आणि त्यात 'स्ट' दिसतो का ते पाहावे. दिसला तर तो खरोखर नात्यातला आहे की नुसता सारखा दिसतो, हे शब्दकोशातून तपासावे. दुसऱ्या तासिकेला कल्याण ते कसारा आणि कल्याण ते कर्जत या मार्गांवरील स्थानकांची नावे घेऊन शेवटची पदे जुळवावीत. पुढच्या आठवड्यात 'मा' (मोजणे) हा धातू घ्यावा : मापन, परिमाण, प्रमाण, अनुमान.

यादी किती लांब झाली याला महत्त्व नाही. एखादी विद्यार्थिनी अनोळखी शब्द समोर आल्यावर तो न घाबरता मधोमध फोडू लागली, आणि फोडल्यावर 'पण याचा खरा अर्थ एवढाच आहे का?' असेही विचारू लागली, तर ते काम साधले असे समजावे.